बाबांच्या लिव्हरमधलं लोखंड

बाबांनी जन्मात दारूला हात लावला नाही. म्हणून सोनोग्राफी बघून डॉक्टरांनी पहिला प्रश्न "रोज किती घेता?" असा विचारला, तेव्हा मला बाबांच्या तोंडाकडे बघवेना.

"थेंबभर नाई, साहेब."

डॉक्टर नुसते हसले. लिव्हर मोठं आणि कडक झालं होतं.

इंझोरीजवळच्या आमच्या भाजीच्या वाडीत बाबा वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायचे. मेथीच्या जुड्या बांधताना त्यांची बोटं दुखायची. दुपार झाली की ते बांधावर आडवे व्हायचे. अंगाचा रंग राखेसारखा काळपट पडत चालला होता. गावाने या सगळ्याचं एकच कारण ठरवलं, दारू. माझे मोठे काकाही पोटात पाणी होऊन गेले होते, आणि त्यांच्यामागे 'लपून पेत होता' हेच बोलणं उरलं होतं.

बाबा मला घेऊन अकोल्याला गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी रक्तातलं लोह तपासलं. ते इतकं निघालं की त्यांनी पुन्हा तपासायला लावलं. आणखी काही तपासण्या झाल्यावर त्यांनी आम्हाला समोर बसवलं.

"शरीर जेवणातून लागेल तेवढंच लोह घेतं," त्या म्हणाल्या. "तुमचं शरीर जन्मापासून जास्त घेत आलंय. ते बाहेर पडत नाही, लिव्हरमध्ये साठतं आणि लिव्हर खराब करतं. हा दोष आई-वडील दोघांकडून येतो. तुमच्या भावाबहिणींनाही असू शकतो."

"मंग माया मोठ्या भावाले बी हेच असन?"

"आता खात्रीनं सांगता येणार नाही. पण असू शकतं."

बाबांनी उपरण्याने डोळे पुसले. मग उपाय विचारला. उपाय होता ठरावीक दिवसांनी रक्त काढून टाकण्याचा. नवीन रक्त तयार करताना शरीर साठलेलं लोह वापरतं, म्हणून.

घरी आईने दार लावून घेतलं. "कोणाले सांगू नका. पोरीची सोयरीक पाहून राह्यलो आपण."

"अन् धाकट्या भावाचं लिव्हर सडू देऊ काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी भाऊबंदांना अंगणात बोलावलं. मोठी काकूही आली. बाबा उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. "मायावर हासायचं त हासा. पण रगत तपासून घ्या." मग काकूकडे वळून म्हणाले, "वयनी, दादा पेत नव्हता. मले पटलं आता." काकूने पदर तोंडाला लावला.

पुढच्या आठवड्यात मानोऱ्याकडचे पाहुणे मला बघायला आले. बाबांनी चहाच्या आधीच त्यांना आजार सांगितला. माझं लोह ठीक निघालं होतं, तेही सांगितलं. पाहुणे चहा पिऊन गेले आणि त्यांचा निरोप कधी आला नाही. आई बाबांशी बोलेना. मी वाडीत त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"तुले राग नाई आला?" त्यांनी विचारलं.

"नाई बाबा. तुमी सांगितलं नसतं, त आला असता."

पुढे मी ज्या घरात गेले, तिथेही त्यांनी आधी हेच सांगितलं होतं. सासरे म्हणाले, "खरं बोलणाऱ्या घरची पोरगी पाह्यजे आमाले."

धाकट्या काकांनी आधी टाळाटाळ केली. पोतं उचलणारा गडी, मला काय होतंय म्हणे. बाबांनी त्यांना हाताला धरून एसटीत बसवलं. त्यांच्याही रक्तात लोह भरलेलं निघालं, पण लिव्हर अजून शाबूत होतं. आता दोघे भाऊ अकोल्याला जाऊन शेजारशेजारच्या खाटांवर रक्त काढून घेतात. बाबांच्या लिव्हरवरचे व्रण पूर्ण गेले नाहीत, पण वाढले नाहीत, आणि दुपारचं आडवं होणं थांबलं.

मागच्या तपासणीला मीही गेले होते. डॉक्टरबाई काकांना म्हणाल्या, "बरं झालं, वेळेत आलात."

"मी कायचा येतो?" काकांनी बाबांकडे बोट दाखवलं. "ह्यानं वढत आणलं मले."

बाबा लाजून खिडकीबाहेर बघत राहिले. मी मात्र खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझे वडील आहेत ते."