भात कधी येतो?

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी मी एडिंबराहून घरी फोन केला आणि रडत रडत म्हणाले, "बाबा, मला नाही जमत इथे. मी परत येते." दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी मुकाट्याने लायब्ररीत गेले आणि ठरवलं, काही झालं तरी एम.एस्सी. पुरी केल्याशिवाय आमच्या भिसेगावात परत राहायला जायचं नाही. पण बाबांच्या डोक्यात ते रडणंच पक्कं बसलं होतं. मी फोनवर कितीही हसून बोलले तरी ते म्हणायचे, "उगाच आव आणू नकोस. सोड ते आणि ये."

एप्रिलमध्ये माझी शाळेपासूनची मैत्रीण चुलतबहिणीच्या लग्नासाठी लंडनला आली. आमच्याकडच्या चौक गावात हायवेवर तिच्या वडिलांचा ढाबा आहे, आता तो तीच चालवते. बाबांनी तिला गाठून सांगितलं होतं, की दोन दिवस वर एडिंबराला जाऊन ये, पोरीला नीट बघ आणि रया गेली असेल तर सोबत घेऊनच ये. तिचा शब्द बाबा मानतात, माझा नाही. हे सगळं तिने स्टेशनवर उतरल्या उतरल्या मला सांगून टाकलं. तिच्या पोटात काही राहत नाही.

"मग बघ काय बघायचं ते," मी म्हणाले आणि कंबर कसली.

पहिल्या दिवशी तिला किल्ला दाखवला. मग शहराच्या मधोमध असलेल्या डोंगरावर नेलं. माथ्यावर उभं राहून मी हात पसरून समुद्र दाखवला, जसा काही मीच तो तिथे आणून ठेवला होता.

"ह्याला डोंगर म्हणतात?" ती म्हणाली. "आपल्या तिकडची कशेळ्याची पोरं शेळ्या घेऊन पळत चढतील गं."

मला धाप लागली होती. ती तिला दिसू नये म्हणून मी फोटो काढत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला शहरातल्या एका नावाजलेल्या हॉटेलात नेलं. शेजारच्या खोलीतल्या मुलीचा चांगला कोट मागून घातला होता. पांढरी टेबलं, खालच्या आवाजात बोलणारे वेटर, परातीएवढ्या ताटलीत घासभर मासा. मग चमचाभर बीट, मग बोकडाचा एवढासा तुकडा. ती प्रत्येक ताटली मन लावून खात होती. "चव भारी हाय," म्हणाली, आणि ब्रेडला हात लावला नाही. गोड आलं, कॉफी आली. मग ती माझ्याकडे वाकली.

"भात कधी येतो गं?"

"भात नाही येत. झालं जेवण."

"झालं?" तिचा चेहरा पडला. "मी पोट राखून ठेवलंय ना!"

मला हसू फुटलं. इतकं, की डोळ्यांतून पाणी आलं आणि शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. ती मात्र हसली नाही.

"हे खरं हसलीस," ती म्हणाली. "बाकी कालपासून नाटक चाललंय तुझं. मला काय कळत नाय? चल खोलीवर. भात टाक."

खोलीवर येऊन तिने माझं कपाट उघडलं. आत नूडल्सची पाकिटं होती. मग खाटेखाली वाकून तिने बॅगेमागून कापडी पिशवी ओढून काढली. बाबांनी मी निघताना दिलेला तांदूळ. त्यांनी स्वतः दाभणाने घातलेली शिवण जशीच्या तशी होती.

"अजून उघडला नाय?"

"संपेल म्हणून."

ती खाटेवर बसली. "मग तू पाहुणीच हायस इथं. कधी पण उचलायची पिशवी आणि निघायचं. काकांना मी काय सांगू?"

मला राग आला. तिचा नाही, ती खरं बोलत होती म्हणून आला. "मी कुठेही जाणार नाही," मी ओरडलेच. कात्री घेतली आणि शिवण उसवली. नव्या तांदळाचा नसला तरी घरच्या डब्याचा वास आला. मी हात थांबवला नाही. दोन मुठी जास्तच धुतला. डाळ शिजवली, वर लोणी कढवून घातलं. आम्ही दोघी पातेल्यातूनच जेवलो आणि तिने तळाची खरवड पण सोडली नाही.

हात धुऊन तिने बाबांना फोन लावला. आवाज मोठा ठेवला.

"काय गं, आणतेस ना तिला?" बाबा म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. मी डाव हातात घेऊन उभी होते.

"नाय काका. तुमी तांदूळ पाठवा. पहिला संपत आलाय."

पिशवी माझ्या पायाशी गळ्यापर्यंत भरलेली होती. मग बाबा खाकरले.

"किती पाठवू?"