सुकेळी आणि मॅडमचा निकाल

वालीवच्या औद्योगिक वसाहतीत दोन गाळ्यांच्या प्रयोगशाळेत मी मुलाखतीला गेलो, तेव्हा डॉ. सेलिना तुस्कानो मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "उंदरांना घाबरता?" मी म्हणालो, "चावले नाहीत तर नाही." "मग उद्यापासून या." त्या मॅडम यंदा पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत.

स्मृतिभ्रंशावरचं औषध हा त्यांच्या संशोधनाचा विषय. त्या आम्हाला समजावत, "मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप धाडते आणि एक एन्झाइम तो पुसून टाकतं. म्हातारपणी निरोपच क्षीण, त्यात ही पुसापुशी. त्या एन्झाइमला जरा आवरायचं." घरी त्यांच्या आई त्यांनाच विचारू लागल्या होत्या, "तू कोनाची पोर गो?"

औषध दिलेले उंदीर वळणावळणाच्या पेटीतून खाऊपर्यंत झपाट्याने पोहोचू लागले. मॅडमचे धाकटे बंधू प्रयोगशाळेत येऊन म्हणाले, "बाय, आईला दे ना! आता कशाची वाट बघतेस?" मॅडम म्हणाल्या, "आधी पुन्हा तपासू."

माझी तर बोबडीच वळली. औषधाने त्या उंदरांची भूक मंदावली होती. दया येऊन मी त्यांच्यापुरती पेटीच्या टोकाला कोरड्या गोळ्यांऐवजी आमच्या घरची सुकेळी ठेवत होतो. वाळवलेली वसईची केळी ती, वास लपतो होय? उंदीर आठवणीने नव्हे, नाकाने पोहोचत होते! मी सगळं कबूल केलं. मॅडमनी दोन वर्षांचे निकाल रद्द केले आणि सभेत सांगितलं, "देखरेख माझी, चूकही माझी." माझं नावसुद्धा काढलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

प्रयोग नव्याने झाले. गुण आला, पण थोडा. मॅडमनी तेवढाच लिहिला. आईंना औषध दिलं नाही. रोज संध्याकाळी शेजारी बसून "मी तुझी सेलिना" एवढं सांगत राहिल्या. आई लेकीला न ओळखताच गेल्या. आज मॅडमच्या विद्यार्थिनी त्या थोड्याशा गुणावरूनच काम पुढे नेत आहेत.

दर नाताळला मॅडमकडून मला सुकेळीचा पुडा येतो. वर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं असतं, "उंदरांसाठी नाही."

मॅडमना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आम्ही दारात उभे राहिलो की शेवटपर्यंत त्यांनी आम्हाला नावाने हाक मारावी, एवढंच मागणं आहे.