बिनक्लचचा टँकर

उत्तरेश्वर यांच्याबद्दल लिहायला बसलो खरा, पण त्यांचं आडनावसुद्धा मला ठाऊक नाही. त्यांच्या टँकरवर पिवळ्या अक्षरांत ‘उत्तरेश्वर वॉटर सप्लायर्स’ एवढंच होतं आणि आमच्या सोसायटीत सगळे त्यांना तेवढ्याच नावाने ओळखत. गाव धाराशिवकडचं, असं ते एकदा म्हणाले होते. धाराशिवकडे गावं पुष्कळ आहेत. मी पुढे विचारलं नाही. कुणाला काही विचारायचं तर मला आधी मनात वाक्य जुळवावं लागतं, आणि तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असतो.

सदाशिव पेठेतली जागा सोडून आम्ही मुलाकडे, आमोदकडे, मांजरीला राहायला आलो. सोसायटी नवी, लिफ्ट नवी, पण पाण्याची लाइन ‘येणार’ आहे. तोवर टँकर. कमिटीने मला रिकामा माणूस पाहून टँकर उतरवून घ्यायचं काम दिलं. काम म्हणजे सकाळी फाटकाशी उभं राहायचं, पाइप टाकीत नीट सोडलाय ना ते पाहायचं आणि टाकी भरली की हात वर करायचा. एवढं मला जमण्यासारखं होतं.

आमची टाकी इमारतीच्या मागे, चढावर आहे. बाकीचे टँकर त्या चढावर गुरगुरत, गचके खात चढायचे. उत्तरेश्वरांचा मात्र एका लयीत, न थांबता वर यायचा. मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण फरक कानाला कळायचा. एकदा मी धीर करून तसं म्हणालो, तेव्हा त्यांनी दार उघडून खाली बोट दाखवलं. “बघा. क्लचच न्हाई. दोनच पायडल.”

तो ट्रक कुठल्याशा खाणकंपनीने लिलावात काढलेला होता. गिअर आपोआप पडणारा, बाहेरच्या देशातल्या बनावटीचा गिअरबॉक्स. उत्तरेश्वरांनी त्यावर पाण्याची टाकी बसवून घेतली होती. असा ट्रक त्यांनी हौसेने घेतलेला नव्हता. त्यांचा डावा गुडघा वाकत नसे. ते उतरायचे तेव्हा आधी उजवा पाय जमिनीवर टेकायचे आणि मग डावा, काठीसारखा सरळ, हाताने धरून खाली घ्यायचे. साध्या ट्रकचा क्लच तो पाय दाबू शकत नव्हता. म्हणजे सगळ्या पुण्यात त्यांना चालवता येईल असा बहुधा तो एकच ट्रक होता.

पायाचं कसं झालं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या पत्नी इंदुबाई कधीकधी केबिनमध्ये बसून येत, त्यांनी सांगितलं. उसाच्या गाडीचं चाक बदलताना जॅक निसटला होता. मग वॉचमनची नोकरी. “खुर्चीवर बसून असायचे,” त्या म्हणाल्या. “रस्त्यानं ट्रक गेला की ह्यांचा उजवा पाय आपसूक हलायचा. मला बघवायचं न्हाई. मग दागिना मोडला आन् हा ट्रक आणला. खंडेनवमीला आणला.”

दर खंडेनवमीला ते दोघं ट्रक धुऊन काढत, झेंडूची माळ घालत, चाकाखाली लिंबू ठेवत, आणि त्याच दिवशी गाडीचं सगळं तेल बदलत. इंजिनचं, गिअरबॉक्सचं, सगळं. लिलावात ट्रकबरोबर गिअरबॉक्सच्या तेलाचे काही डबे आले होते, ते काही वर्षं पुरले. दोन वर्षांपूर्वी खंडेनवमीला ते संपले, तेव्हा मांजरीच्या नाक्यावरचे मेकॅनिक संतोष यांनी ‘लाल तेल’ घातलं. स्टिअरिंगला लाल तेल, गाडी उचलायच्या जॅकला लाल तेल, तसंच इथेही लाल तेल.

गेल्या वर्षी गणपतीत मला पहिल्यांदा त्या चढावर इंजिनाचा आवाज वाढलेला ऐकू आला. आवाज चढायचा, गाडी मागाहून यायची. उत्तरेश्वरांनी गिअरबॉक्सचं तेल मोजायची बोनेटखालची सळई काढून तिचा वास घेतला आणि मलाही दिला. करपलेल्या फोडणीसारखा वास होता.

“काका, तुम्हाला इंग्रजी येतंय,” ते म्हणाले. “माझ्यासंगं नाना पेठेत चला. तेलवाले लई इंग्रजी फेकतात.”

इंग्रजी येतं म्हणजे मी जन्मभर कचेरीत पत्रं टाइप केली, एवढंच. तसं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “माझ्यापेक्षा जास्तच हाय ना?”

आम्ही बसने गेलो. त्यांचा डावा पाय वाटेत आडवा पसरलेला. कंडक्टर म्हणाला, “अहो, पाय आत घ्या. तिकीट एकाचंच काढलंय.”

“त्याचंबी काढतो,” उत्तरेश्वर म्हणाले, “अर्धं लागंल का पुरं?” कंडक्टर हसला नाही, पण पाय ओलांडून गेला.

नाना पेठेतल्या त्या दुकानाचे मालक अवधूतराव काउंटरवर चहा पीत होते. मी वाटेत जुळवलेलं वाक्य म्हटलं, “ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल हवं होतं.”

“कार कुठली?”

“कार नाही. ट्रक आहे.”

त्यांनी कप खाली ठेवला. “ऑटोमॅटिक ट्रक. विमानही असेल आपल्याकडे.”

“हाय की,” उत्तरेश्वर म्हणाले, “दुरुस्तीला दिलंय.”

अवधूतरावांनी मग त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं. “आत्ता काय घातलंय?”

“लाल तेल.”

“लाल तर कुंकूही असतं.”

पण त्यांनी समजावून सांगितलं. साध्या गिअरबॉक्सात तेल नुसतं वंगण असतं. ऑटोमॅटिकमध्ये तेच तेल इंजिनाची ताकद चाकांकडे पोचवतं आणि आतल्या चकत्या एकमेकींवर दाबून धरतं. कुठल्या गिअरबॉक्सच्या चकत्यांना कुठलं तेल, ते बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. चुकीचं घातलं की चकत्या सटकतात, तापतात, जळतात. रंग फक्त गळती दिसावी म्हणून. “ट्रकचं नाव मला नको,” ते म्हणाले. “गिअरबॉक्सवर पत्र्याची पट्टी असते. तिच्यावरचा नंबर आणा. त्याशिवाय मी थेंब देणार नाही, आणि दुसऱ्या कोणी दिलं तर घेऊ नका.”

पट्टी सापडायला दोन सकाळी गेल्या. आरटीओच्या पासिंगला नेताना ट्रक खालून काळ्या रंगाने रंगवतात, म्हणजे गंज दिसत नाही. दर पासिंगला एक थर. त्या थरांखाली गिअरबॉक्स काळ्या दगडासारखा झाला होता. लिलावात आलेल्या जुन्या तेलडब्यांवर काही लिहिलेलं असेल म्हणून इंदुबाईंना विचारलं, तर त्यांनी डबे राखेने घासून लख्ख करून त्यांत सदाफुली लावली होती. शेवटी उत्तरेश्वर स्वतः ट्रकखाली आडवे झाले आणि थिनरच्या फडक्याने चाचपत एका जागी घासू लागले. मी बॅटरी धरून वाकलो होतो. आधी एक स्क्रू दिसला, मग अक्षरं. मी मोठ्याने वाचली. एखादा आकडा चुकला तर काय, म्हणून पुन्हा एकदा वाचली. फोटो काढून अवधूतरावांना पाठवला. त्यांचा फोन आला, “बरोबर. हे तेल पुण्यात नाही, मुंबईहून मागवतो. पैसे पाठवून ठेवा.” उत्तरेश्वरांनी त्याच दिवशी पाठवले.

तेल आलं तेव्हा गणपती बुडून पितृपंधरवडा लागला होता.

ते आणायलाही आम्हीच गेलो. मोठा निळा डबा. पैसे आधी दिलेत म्हणजे खरेदी आधीचीच झाली, असं उत्तरेश्वरांनी बसमध्ये मला दोनदा सांगितलं. तेल आणायला हरकत नव्हती. गाडीत घालणं मात्र वेगळं.

“लगेच घालायचं का?” मी फाटकाशी विचारलं.

“पंधरवड्यात न्हाई काका. आन् पंधरवडा सरला की घट बसतेत, मग खंडेनवमी आलीच. दरसाल त्याच दिवशी घालतो. तवर हळू चालवतो.”

मला ते वावगं वाटलं नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. आमच्या घरीही त्या पंधरवड्यात नवा रुमाल आणत नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर मीही थांबलो असतो. डबा ट्रकच्या केबिनमध्ये उन्हात तापेल म्हणून त्यांनी तो आमच्या वॉचमनच्या खोलीत ठेवला. संतोषनाही निरोप दिला, खंडेनवमीला सकाळी यायचं.

पण हळू चालवणं त्यांच्या हातात राहिलं नाही. घट बसायच्या आधी घर धुऊन काढायचं, चादरी, पडदे, गोधड्या सगळं पाण्यातून काढायचं, ही रीत आमच्या सोसायटीतही घरोघर आहे. एरवी दिवसाला दोन टँकर लागत, तिथे चार लागू लागले. आजूबाजूच्या सोसायट्यांचंही तेच. उत्तरेश्वर कुणाला नाही म्हणत नसत. भरलेला टँकर घेऊन ते त्या चढावर यायचे आणि इंजिनाचा आवाज रोज थोडा वर जायचा. वरच्या गॅलऱ्यांतून गोधड्या निथळत असायच्या. मी खाली उभा राहून हात वर करायचो.

पाचव्या माळेला सकाळी टँकर चढाच्या मध्यावर आला आणि थांबला. इंजिन ओरडत होतं, चाकं फिरत नव्हती. मग सगळा ट्रक अगदी सावकाश मागे येऊ लागला.

“काका, मागनं बाजूला व्हा,” उत्तरेश्वर म्हणाले. आवाज नेहमीचाच. त्यांनी ब्रेक दाबून धरला. मी बागेच्या कडेचा दगड उचलून चाकाखाली सरकवला. सगळीकडे तो करपलेला वास पसरला होता. वजन कमी व्हावं म्हणून पाणी तिथेच, चढावर सोडून द्यावं लागलं. ते फाटकापर्यंत वाहत गेलं.

संतोषनी गिअरबॉक्स उघडला. चकत्या कोळशासारख्या झाल्या होत्या. त्यांचे सुटे भाग इकडे कुठे मिळत नाहीत, आणि बाहेरून मागवायचे तर उत्तरेश्वरांच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं. संतोषना वाईट वाटत होतं. ते म्हणाले, “लाल तेल सगळीकडं चालतं, मला वाटलं.”

“मलाबी तसंच वाटलं होतं,” उत्तरेश्वर म्हणाले.

“क्लचवाला गिअरबॉक्स बसवून देतो. आठवड्यात गाडी रस्त्यावर.”

“आन् क्लच कोण दाबणार? तू?”



मी अवधूतरावांना फोन केला. असा आपणहून फोन करायची मला सवय नाही. आल्या दिवशीच तेल बदललं असतं तर गिअरबॉक्स वाचला असता का, एवढंच विचारलं. ते म्हणाले, “वाचला असता, कदाचित. आधीच किती जळलं होतं कोण जाणे. तेल म्हणजे काही देव नाही.” त्या ‘कदाचित’वर मी अजून अडलेला आहे. साफ ‘नाही’ म्हणाले असते तर बरं झालं असतं.

खंडेनवमीला संतोषच्या शेडपुढे तो ट्रक उभा होता. इंदुबाईंनी धुतला, माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. मी लांबूनच पाहत होतो, तर त्यांनी हाक मारून पेढा दिला. “गाडी उभी हाय म्हणून पूजा चुकवायची का?” त्या म्हणाल्या. उत्तरेश्वर पलीकडे खुर्चीवर बसले होते. रस्त्यावरून ऊस भरलेला ट्रक गेला. मी मुद्दाम त्यांच्या पायाकडे पाहिलं नाही.

दिवाळीनंतर तोच टँकर पुन्हा आमच्या फाटकाशी आला. त्यांनी तो विकला होता आणि घेणाऱ्याने क्लच बसवून घेतला होता. चालवणारा नवा माणूस होता. उत्तरेश्वर शेजारच्या सीटवर होते, कुठल्या सोसायटीची टाकी कुठे आहे ते दाखवायला आलेले. ट्रक चढावर गचके खात चढला. दार उघडं होतं आणि त्यांचा उजवा पाय रिकाम्या पत्र्यावर दाबलेला मला दिसला. या वेळी नजर वळवायला उशीर झाला.

पाणी उतरेपर्यंत ते खाली उतरून माझ्याजवळ उभे राहिले. उद्या गावाकडे जाणार आहोत, म्हणाले. कुठल्या गावाकडे, हे विचारायचं वाक्य मी जुळवत होतो. वॉचमनच्या खोलीतला तो निळा डबा, सील न फोडलेला, वाऱ्याने फाटक आपटू नये म्हणून फाटकाला टेकवून ठेवला होता. त्यांनी तो पाहिला. त्यांचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. आता तो दुसऱ्याच कुणाकडे लागतो.

टाकी भरली. मी हात वर केला.

“काका,” ते म्हणाले, “टाकीचं झाकण नीट बसवत न्हाईत हे लोक. पालापाचोळा जातोय आत. सांगा त्यांना.”

“सांगतो.”

“येतो मग.”

“या. सावकाश.”