आम्ही अडवून धरलेले गुरुजी

शाळेची प्रार्थना नुकतीच संपली होती. किराणा दुकानातला फोन वाजला आणि दुकानदार अनवाणीच शाळेकडं पळत सुटला, तो मला ओट्यावरून दिसला. त्यानं हेडमास्तरांच्या कानाशी लागून काही सांगितलं. हेडमास्तर पोरांकडं वळून म्हणाले, “मुलांनो, आज शाळा नाही.” झालं! पोरं ‘सुट्टी, सुट्टी’ करत उड्या मारत बाहेर आली. त्यांना काय ठाऊक... आमचे दिलीप गुरुजी त्या दिवशी पहाटेच पुण्याच्या दवाखान्यात वारले होते. पस्तिशीसुद्धा गाठली नव्हती माणसानं. शनिवारी ताप अंगात घेऊन घरी गेले, तो ताप मेंदूत गेला म्हणे. पोरांना कुणीतरी सांगितलं तेव्हा उड्या थांबल्या, आणि दुसरीतला एक पोरगा म्हणाला, “मग आम्हाला सुट्टी नको.” महिना उलटून गेला, ते बोल अजून कानातून जात नाहीत.

आळेफाट्यापासून आत आमची वाडी. गुरुजी आमच्याच घरातल्या पुढच्या खोलीत राहायचे, मला मावशी म्हणायचे. त्यांची बायको शैला नर्सबाई, घोडेगावच्या वर डोंगरातल्या उपकेंद्रात. तिला तिथंच राहणं भाग. लेक सोनल आईपाशी, आता सात वर्षांची आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की गुरुजी फाट्यावर जाऊन मंचरची एसटी धरायचे, तिथं गाडी बदलायची, घरी पोचेस्तोवर दिवेलागण. सोमवारी अंधारातच निघून पुन्हा शाळेत हजर. पण आमच्या पोरांसमोर कधी थकलेला चेहरा नाही. त्यांचं शिकवणं तरी काय सांगू! पहिलीच्या पोरांना रांगेनं फाट्यावर न्यायचे आणि गाड्यांच्या पाट्या वाचायला लावायचे. नारायणगाव, संगमनेर, कल्याण... धूळ उडवत गाडी आली की पोरं ओरडून वाचायची. एकदा आमच्या शेजारची म्हातारी नगरला निघाली होती, तिला आपल्याच वाडीतलं शेंबडं पोर म्हणतं, “आज्जे, उतर खाली! ही नाशिकला चालली.” म्हातारी म्हणाली, “मेल्या, तुझ्या बापाला तरी वाचता येतं का?” आणि खाली उतरून त्याचा पापा घेतला. गुरुजी लांब उभे राहून हसत होते.

दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा ते सोनलला घेऊन आले होते. वर्गात ती त्यांच्या खुर्चीला टेकून बसली आणि सगळ्यांसारखी तीही त्यांना गुरुजी म्हणायला लागली. ते म्हणाले, “अगं, मी बाबा ना तुझा?” तर ती मान वेळावून म्हणते, “मग हे सगळे काय म्हणतात तेच म्हणायचं ना?” सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसले होते, शाळेच्या खिडकीशी उभी राहून.

आणि मग ती बदली. नवरा-बायकोला एका ठिकाणी आणायची बदली होती ती, घोडेगावकडची. गुरुजींनी पेढे आणले, आणि आम्ही ते हातातच धरून बसलो. असला मास्तर जाऊ द्यायचा? दुसऱ्या दिवशी गावानं शाळेला टाळं ठोकलं. आम्ही बायका दारात बसलो, मी सगळ्यांच्या पुढं. शिक्षण खात्यातल्या साहेबाची जीप आली, तेव्हा मीच ओरडले, “आमचं गुरुजी न्हाई जाऊ द्यायचं! लई आटापिटा करून सापडलंय असलं माणूस!” साहेबानं विचारलं, “गुरुजी, तुमचं काय म्हणणं?” गुरुजींनी आमच्याकडं पाहिलं, पोरांकडं पाहिलं. “गावाची इच्छा,” एवढंच म्हणाले. बदली रद्द झाली. गावानं गुलाल उधळला, त्यांना खांद्यावर घेऊन मिरवलं. संध्याकाळी आमच्या नळावर गुलाल धुताना ते हळूच म्हणाले, “मावशी, सोनलनं दारात माझ्या चपलांसाठी कोपरा झाडून ठेवलाय. बाबा आता कायमचे येणार म्हणून.” मी काय म्हणावं? मी म्हणाले, “आवं, जाताच की दर शनवारी. पोरगी काय पळून चाललीय का?” ते हसले. तोंडावर पाणी मारत राहिले...

पोरगी नाही पळून गेली. बापच गेला. त्यानंतर जेमतेम दोन वर्षं मिळाली त्यांना. ती दोन वर्षं आम्ही घेतली. वाईट बुद्धीनं नाही हो, मायेनंच घेतली. पण माया केली म्हणून त्या लेकराच्या ताटातलं उचलून खाल्लेलं परत थोडंच ताटात पडतं? गुरुजींचा ताप आम्हाला थांबवता आला नसता. ते दिवस मात्र तिचे होते.

परवा शैला सोनलला घेऊन खोलीतलं सामान न्यायला आली. ट्रंक, वळकटी, दोन भांडी. ती आवराआवर करत होती, म्हणून मी सोनलला शाळेकडं नेलं. शाळा सुटायची वेळ. गुरुजींची एक रीत होती. सुटताना ते दारात उभे राहायचे आणि एकेका पोराची कॉलर सारखी करून, शर्टाची बटणं लावून मगच बाहेर सोडायचे. “घरी आई वाट बघते, नीटनेटकं जावं,” म्हणायचे. आता तिथं चौथीतली एक पोरगी, कविता, उभी राहते. तिला कुणी सांगितलेलं नाही. पोरं रांग लावतात, ती बटणं लावते.

सोनल बघत राहिली. मग जाऊन रांगेत उभी राहिली. कवितानं तिच्या स्वेटरची बटणं लावली तेव्हा तिनं विचारलं, “बाबा तुमची रोज लावायचे?”

“रोज,” कविता म्हणाली. “शनवारी सुदिक.”

“माझी रविवारी लावायचे,” सोनल म्हणाली.

ती बाहेर आली. मला वाटलं, आता माझ्याकडं येईल. तर ती वळसा घालून पुन्हा वर्गात गेली, स्वेटरची सगळी बटणं सोडली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. रांग संपली, तरी ती पुन्हा पुन्हा येत राहिली. कविताही बटणं लावत राहिली.

ओट्यावरून शैलानं हाक मारली, “मावशी, गाडीची वेळ झाली!” मी ओ दिली नाही. ती गाडी गेली.