उजवं मागचं चाक थंड होतं

गाडी उभी असली की हलायची आणि चालती झाली की गप्प. सिग्नलला थांबलो की गियरचा दांडा थडथडायचा, आरशात मागची रिक्षा दोन-दोन दिसायची. पहिला गियर टाकून सुटलो की काही नाही. बायको गेल्यावर महिन्याभरात हे सुरू झालं असेल. नक्की कधी ते सांगता येत नाही. त्या दिवसांत मी काय जेवत होतो तेही मला आठवत नाही.

पिकअप माझी स्वतःची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, उतारवयात ही घेतली. काम एकच. सकाळी खारदांड्याला जायचं, तिथल्या एका कोळणीचे मासळीचे क्रेट भरायचे आणि मरोळच्या बाजारात आणून टाकायचे. मी राहतो मरोळलाच, चाळीत. कोळीण माझ्या शेजारी पुढे बसते. वयाने माझ्याहून थोडी लहान, तोंडाने फार मोठी. मला भावा म्हणते, मी तिला बाय म्हणतो.

हलण्याचं मी मनावर घेतलं नाही. घरी बसवत नव्हतं म्हणून एक दिवस बॉनेट उघडलं. इंजिन चालू ठेवून डिझेल आत सोडणाऱ्या चारही इंजेक्टरचे पाइप एकेक करून सैल केले. जो सैल केल्यावर आवाज बदलत नाही तो इंजेक्टर मेलेला, एवढं मला कळतं. चारही वेळा आवाज बदलला. म्हणजे इंजिन बरं होतं. बॉनेट लावलं आणि परत उघडलं. असं मी त्या दिवशी किती वेळा केलं असेल. शेजारीण म्हणाली, "अहो, चहा घ्या आणि बसा जरा." चहा घेतला. बसलो नाही.

मग ब्रेकचं झालं. मरोळ नाक्याच्या अलीकडे पुढची रिक्षा मध्येच थांबली. मी पाय दाबला, पेडल खाली गेलं तळाला, परत दाबलं तेव्हा गाडी डावीकडे ओढली गेली आणि फुटपाथला घासून उभी राहिली. तिथं एक माणूस भाजीची पिशवी घेऊन उभा होता. बंपर त्याच्या पिशवीला लागला. पिशवीला, त्याला नाही. तो शिव्या देऊन गेला. 

कोळीण शेजारीच बसली होती. तिने मागे वळून क्रेट बघितले. मग म्हणाली, "भावा, गाडीत खोट हाय का तुझ्यात?"

"गाडीत," मी म्हटलं.

"मग ती नीट कर. तवर मी दुसरा टेंपो बघते. मला नातवंडं हायेत."

मुलगा बोरिवलीला राहतो. त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, तुमचा पाय उशिरा पडला असणार. गाडी विका आता, इकडे या."

"पाय वेळेवर पडला."

"तुम्हाला कसं कळणार?"

फोन मी ठेवून दिला. पण त्याचं बोलणं डोक्यातून जाईना. खरंच, मला कसं कळणार? डोळ्याने बघितल्यावर पाय लगेच पडला की उशिरा, हे चालवणाऱ्याला स्वतःला कळत नाही. गाडीत खोट असेल तर ती काढून मी कोळणीला परत शेजारी बसवीन. माझ्यात असेल तर बसवता कामा नये. मधलं काही नाही.

दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी घेऊन निघालो, मुद्दाम ब्रेक मारत मारत साकीनाक्याला गेलो. तिथं माझा ओळखीचा मेकॅनिक आहे, जालन्याकडचा, पन्नाशीचा. एका गाळ्यात वर्षानुवर्षं काम करतोय. गाडी बंद केली आणि त्याला काही सांगायच्या आधी चारही चाकांना हात लावून आलो. पुढची दोन चटका बसेल एवढी तापली होती. मागचं डावं कोमट. उजवं मागचं थंड, जसं काही गाडी हललीच नाही. ब्रेक लागणारं चाक तापतं. हे लागतच नव्हतं.

खरं सांगतो, मला आनंद झाला. तिथंच उभा राहून मुलाला फोन केला. "चाक थंड आहे," मी म्हटलं.

"म्हणजे काय, बाबा?"

"म्हणजे खोट गाडीत आहे."

"बरं," तो म्हणाला. कामात होता.

मेकॅनिकने आधी हलण्याचं काढलं. मला ब्रेकवर पाय ठेवायला लावून क्लच थोडा सोडायला सांगितला. इंजिन एका बाजूने उचललं गेलं. ज्या रबरावर इंजिन बसतं ते रबर फाटून दोन तुकडे झालं होतं. "एवढंच होय, काका," तो म्हणाला. मग जॅक लावून उजवं मागचं चाक काढलं. आतला ब्रेकचा ड्रम निघेना. तेल टाकलं, हातोड्याने ठोकलं, परत तेल टाकलं. निघाला तेव्हा आतून लाल भुगा पडला. ब्रेकच्या पट्ट्या दाबणारा दट्ट्या गंजून जागच्या जागी घट्ट झाला होता.

"काका, गाडी समुद्रात बुडवलेली काय?"

"मासळी आहे रे. तुला माहीत आहे."

"मासळी पहिल्यापासून आहे. मागच्या खेपेला पट्ट्या मीच बदलल्या, तेव्हा आतलं सगळं चकचकीत होतं. धुवायचं बंद केलं का?"

"रोज धुतो. फिनेल टाकून. नाहीतर चाळीतले बोंबलतात."

"वरून नाही विचारत. खालून. मिठाचं पाणी गळून जिथं जातं तिथं."

मी गाळ्याच्या बाहेर जाऊन उभा राहिलो.

खालून बायको धुवायची. मी बाजारातून आलो की जेवून आडवा व्हायचो आणि ती चाळीच्या नळावरून बादल्या आणून चाकांवर, चाकांच्या आत, गाडीच्या पोटाखाली पाणी मारायची. मी तिला ओरडायचो. नळाला पाणी दोन तास, आणि ही गाडीच्या पोटाखाली ओतते. ती म्हणायची, वास येतो. मला वाटायचं वासासाठीच करते. ती आजारी पडली तेव्हा ते बंद झालं, आणि मी वरून फिनेल टाकायला लागलो, कारण वास मलाही कळत होता. ड्रम काय, दट्ट्या काय, तिला ठाऊक नसणार. की होतं? मी आयुष्यात तिला गाडीतलं काही विचारलं नाही.

शनिवारपर्यंत काम झालं. दट्ट्ये, पट्ट्या, ब्रेकच्या तेलाचा गंजून झिरपणारा एक पाइप, नवीन रबर. गाडी उभी राहिली तर गियरच्या दांड्यावर पाण्याचा पेला ठेवावा अशी शांत. मी कोळणीला कळवलं की सोमवारपासून येतो.

ब्रेक तपासायची त्या मेकॅनिकची एक पद्धत आहे. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत रविवारी दुपारी गल्ल्या मोकळ्या असतात. तिथं तो गाडी पळवतो आणि शेजारचा गाळेवाला न सांगता जुना टायर गाडीपुढे आडवा घरंगळत सोडतो. या वेळी मी म्हटलं, चालवणार मी. टायर तू सोड.

"तुम्ही कशाला, काका?"

"मला बघायचंय."

तो एका बंद कारखान्याच्या फाटकाआड दोन टायर घेऊन उभा राहिला. मी गल्लीच्या टोकाहून निघालो. पहिला टायर डावीकडून आला. माझा पाय मला न विचारता गेला. गाडी सरळ रेषेत जागच्या जागी थांबली, जराही ओढली नाही. टायर पुढून घरंगळत जाऊन भिंतीला लागला. मेकॅनिकने अंगठा दाखवला. मी हसलो असेन.

गाडी वळवून परत निघालो. तेवढ्यात मनात आलं की नळापासून गाडीपर्यंत ती किती बादल्या आणायची. गुडघे दुखायचे तिचे. खाली वाकून चाकाच्या आत पाणी मारायला तिला जमिनीला हात टेकावा लागायचा, तो ओला हात ती साडीला पुसायची, आणि मी खाटेवरून...

गाडी उडाली. दुसरा टायर पुढच्या चाकाखालून गेला, मग मागच्या. तेव्हा मी ब्रेक मारला. ब्रेक झकास लागला.

मेकॅनिक खिडकीशी आला. "ऊन आलं डोळ्यावर, काका."

"ऊन पाठीमागून आहे."

"आणखी एकदा सोडू?"

"नको." मी चावी काढून त्याच्या हातात दिली आणि उतरून दुसऱ्या बाजूने चढलो. साकीनाक्यापर्यंत गाडी त्याने चालवली.

गाळ्यावरूनच कोळणीला फोन केला. मागे मासळीबाजाराचा गोंगाट होता.

"बाय, सोमवारी मी येत नाही. तो टेंपो ठेव तू."

"का रं? ब्रेक नाय झाला?"

"ब्रेक झाला. गाडी चांगली आहे. माझं ध्यान राहत नाही. चालवताना मी दुसरीकडेच असतो."

"कवापासून?"

"ती गेली तेव्हापासून असेल."

ती आधी कुणावर तरी ओरडली, क्रेट सावलीत ठेव म्हणून. मग हळू आवाजात म्हणाली, "भावा, तवापासनं रोज मी तुझ्या बाजूला बसत होते."

"होय," मी म्हटलं. "बसत होतीस."