दाढ नावाची खेळाडू

गेले अकरा दिवस माझी मुलगी रात्री दहाच्या आत झोपते, आणि त्यामुळे माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही.

हे वाचून कुणीही मला वेड्यात काढेल. ती वेळेवर झोपावी म्हणून मी बारा वर्षं जिवाचं रान केलं. राउटरची वायर काढून उशीखाली ठेवली, रागावले, रडले, अबोला धरला. आता ती सव्वीस वर्षांची आहे, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात खोली घेऊन एकटी राहते, आणि तिची झोप मला फक्त फोनवर दिसते. शेवटची कधी ऑनलाइन होती, ते. परवा नऊ पन्नास, काल नऊ चाळीस, आज सव्वानऊ. मी दर अर्ध्या तासाने बघते. आत्ताही बघितलं.

घरात आम्ही तिला मुंगी म्हणतो. चालायला लागली तेव्हापासून ही सतत काहीतरी उचलून कुठेतरी नेऊन ठेवणार. चपला, चमचे, एकदा तिच्या बाबांचा चष्मा, तो तीन दिवसांनी पिठाच्या डब्यात सापडला. मोठी होऊन ती दात बनवायला लागली. खरंच, दातच. दवाखान्यातून जबड्याचे साचे येतात, त्यावरून ही मेणाचा दात कोरते, मग चिनी मातीच्या बारीक पुडीचे थर कुंचल्याने चढवते आणि भट्टीत भाजते. एकदा मी तिच्या कामाच्या जागी गेले होते. सगळीकडे प्लास्टरची धूळ, टेबलावर छोटासा दिवा, आणि ही एका दातावर पिवळसर डाग रंगवत बसलेली.

"अगं, नवा दात आणि डाग कशाला?"

"आजोबा सत्तरीचे आहेत, आई. शेजारचे दात पिवळे. एकटाच पांढराशुभ्र बसवला तर हसायची चोरी होईल त्यांना."

त्या एका डागावर तिने चाळीस मिनिटं घालवली. तिची मालकीण मला हळूच म्हणाली, "हिच्यासारखा धीर मी कुणात पाहिला नाही." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, एवढा धीर आहे तर रात्री दोनपर्यंत तो खेळ कशाला लागतो हिला?

तो खेळ चौदाव्या वर्षी आमच्या घरात आला. शेकडो लोक एकाच वेळी खेळतात. टोळ्या करायच्या, ओसाड पडलेल्या शहरांतून सामान शोधून आणायचं, टोळीच्या कोठारात साठवायचं, इतरांपासून राखायचं. मी नाहीच म्हणत होते. शेवटी एका अटीवर कबूल झाले: खातं माझ्या ईमेलवर काढायचं, म्हणजे माझी नजर राहील. मुंगी लगेच तयार झाली. अठरा पूर्ण झाल्यावर मीच म्हटलं, आता बदल हवं तर. तर म्हणाली, "राहू दे गं. तुझा जीव थाऱ्यावर राहतो ना? मग झालं."

सोळाव्या वर्षी मी तिला समुपदेशकाकडे नेलं. त्यांनी झोप, अभ्यास, मैत्रिणी, सगळं विचारलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, खेळ सोडला तर तडफडते का, खोटं बोलते का, बाकीचं आयुष्य बंद पडलंय का, हे बघा. नुसते तास मोजू नका. मला ते पटलं नाही. मी समुपदेशक बदलला. वाचनालयात पालकांच्या सभा व्हायच्या, तिथे कुणी याला आजार म्हणायचं, कुणी नवा छंद. मी कायम आजारवाल्यांच्या बाजूने, पहिल्या रांगेत. घरी हे म्हणायचे, "मी तीस वर्षं पत्ते कुटले, मला नाही नेलं कुणाकडे!"

"तुम्हाला न्यायला पाहिजे होतं," मी म्हणायचे.

मागच्या वर्षी तिच्या खोलीवर राहायला गेले तेव्हा पहिल्यांदा शेजारी बसून तो खेळ पाहिला. ती टोळीतली वैद्य आहे. सगळे पुढे पळतात, ही मागे थांबते, पडलेल्यांना उठवते आणि सगळ्यात शेवटी बाहेर येते. तिथे तिचं नाव 'दाढ'. मुलीच्या जातीला हे काय नाव, असं माझ्या तोंडून निघालं, आणि ते तिकडे ऐकू गेलं.

"दाढ, कोण आलंय गं?" एक पुरुषी आवाज.

"आई आहे."

"नमस्कार काकू!" एकदम वीसेक आवाज. कुणी दूरच्या गावचा, कुणी चालत्या ट्रकमधून. मी गोंधळले आणि विचारलं, "जेवलात का सगळे?" तर जो हशा पिकला म्हणता! ज्याला सगळे मास्तर म्हणतात, तो पोहायला शिकवणारा गृहस्थ म्हणाला, "काकू, तुमची लेक नसती तर आम्ही रोज मेलो असतो."

"शुभ बोला हो," मी म्हटलं. मुंगी पोट धरून हसत होती. तिला असं हसताना मी किती दिवसांनी पाहत होते, हे लक्षात आलं, आणि तेही मला आवडलं नाही. हे मी पहिल्यांदाच कबूल करते आहे.

आता ती दुपार.

बारा दिवसांपूर्वी, चार वाजून दहा मिनिटांनी मला फोन आला. बाईचा आवाज, अगदी शाळेतल्या बाईंसारखा समजूतदार. "मॅडम, आम्ही खेळाच्या कंपनीच्या व्यसनमुक्ती विभागातून बोलतोय. आपल्या घरातली 'दाढ' नावाची खेळाडू आठवड्याला सव्वीस तास खेळते. अशा खेळाडूंच्या पालकांना आम्ही मदत करतो."

सव्वीस तास! माझा संशय इतकी वर्षं खरा होता, आणि शेवटी कुणीतरी अधिकाराने तो बोलत होतं. (हे तास त्या खेळात कुणालाही दिसतात, हे मला नंतर कळलं; माझा नंबर त्यांनी कुठून मिळवला, ते अजून कळलेलं नाही.)

"काय करायचं मग?" मी विचारलं.

"काही नाही. आम्ही तासांवर मर्यादा घालतो, रोज एक तास. तिला कळणारसुद्धा नाही. तुमच्या ईमेलवर आत्ता सहा आकडे येतील, तेवढे वाचून दाखवा."

मी वाचून दाखवले. आनंदाने. वर आभारही मानले.

ते आकडे खात्याचा पासवर्ड बदलायचे होते. साडेचारला, मुंगी दात भाजत असताना, कुणीतरी 'दाढ' बनून आत शिरलं आणि तीस माणसांनी सहा वर्षं जमवलेलं कोठार धुऊन नेलं. बाहेर विकलं म्हणे. टोळीला दिसलं ते एवढंच, की दाढ आली, दाढेने सगळं उचललं, दाढ गेली.

त्याच रात्री तिचा फोन आला. "आई, तुझ्या मेलवर कुठला कोड आला होता का?"

मला काहीच कळलं नव्हतं. तिला मर्यादेचा सुगावा लागला, एवढंच वाटलं. मी म्हटलं, "नाही बाई, काही नाही आलं."

दोन दिवसांनी तिने सगळी हकीकत सांगितली तेव्हा मी ते पत्र पुन्हा उघडलं. आकड्यांच्या खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: हा कोड कुणालाही सांगू नका, आमचा माणूस असला तरी. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर भिंगातून वाचणारी मी, एवढं ठळक कसं दिसलं नाही? दिसलं नाही, कारण बघायचंच नव्हतं. त्या वेळीच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, उद्या सांगते. मग परवा.

कंपनीने तिला कळवलं की कोड नोंदवलेल्या ईमेलवर गेला, बरोबर वापरला गेला, सबब आमची चूक नाही; काही पुरावा असल्यास उद्यापर्यंत द्या. टोळीतले निम्मे तिच्याशी बोलत नाहीत. मास्तर बोलतात, पण जपून जपून.

आणि आज संध्याकाळी ती म्हणाली, "आई, मला कळलं कसं झालं ते."

मी गॅस बंद केला.

"तुझ्या मेलचा पासवर्ड म्हणजे माझी जन्मतारीख ना? मीच कधीतरी रात्री दोन वाजता बोलताना टोळीत बडबडले असणार. कुणीतरी तुझा मेल उघडला, कोड घेतला, पुसून टाकला. शुद्धीत असते का मी त्या वेळी? तू म्हणायचीस ते बरोबर होतं. व्यसनच आहे हे."

"अगं, तसं नाही..."

"तसंच आहे. उद्या कामावर जायच्या आधी कंपनीला आणि टोळीला लिहून टाकते, माझ्याच हलगर्जीपणामुळे झालं म्हणून. आणि सोडते. खूश ना तू आता?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

बारा वर्षं मला जे तिच्या तोंडून ऐकायचं होतं, ते तिने म्हटलं. मी गप्प बसले तर ते तसंच राहील. कुणाला कधीच कळणार नाही. ती रोज दहाला झोपेल, तीस आवाज तिच्या कानातून जातील, आणि ज्या हातांवर तिची मालकीण डोळे मिटून विश्वास ठेवते, त्या हातांवर तिचा स्वतःचाच विश्वास उरणार नाही.

मघाशी एक पळवाट सुचली होती. कंपनीला मीच गुपचूप लिहावं, तिला न कळवता. मसुदाही केला. मग वाचताना जाणवलं, हेही पुन्हा तिच्या पाठीमागेच चाललंय. दोन्ही ठिकाणी काय लिहायचं, ते तिनेच ठरवलं पाहिजे, आणि त्यासाठी खरं काय ते तिला माहीत पाहिजे. पत्र अजून माझ्या मेलमध्ये आहे. माझ्या फोनमध्ये त्या बाईचा नंबर आहे, वेळ आहे, सात मिनिटांचं बोलणं झाल्याची नोंद आहे. पुरावा म्हणजे तरी दुसरं काय?

तो खेळ मला आजही आवडत नाही. त्याबद्दल आम्ही पुढे भांडू, रीतसर, जागेपणी. आज ते नाही.

पावणेएक वाजलाय. सकाळी सातला ती लिहायला बसेल. सहाला फोन केला तर अर्धवट झोपेत, घाईत ऐकेल; आत्ता उठवलं तर विचार करायला रात्र तरी हातात राहील. चिडेल. फोन आपटेल. बोलणारही नाही काही दिवस, अबोला धरायला माझ्याकडूनच शिकली आहे. हे आतल्या खोलीत घोरताहेत, त्यांना उठवत नाही. त्यांनी माझी बाजू सावरून घेतलेली मला नको आहे.

पहिलं वाक्य मी तीनदा लिहून खोडलं. "घाबरू नकोस" नको, "रागावू नकोस" तर नकोच. "मुंगी, तो कोड मी दिला." एवढंच म्हणायचं, आणि मग ती बोलेपर्यंत थांबायचं.

स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आहे. तिचा नंबर लावते.