तो उठते तवर

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याच्या ऑफिसात आमच्या साहेबांना त्यांचा कम्प्युटर हळू का चालतो ते समजावून सांगत होतो. पुतणीचा आवाज होता. "काका, बाबा..." एवढंच ती बोलू शकली. मी बाहेर आलो आणि तसाच भाऊच्या गावी, सेलूला निघालो. सेलू काही लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता सरता सरेना. दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या गेला म्हणे... छातीवर हात ठेवून. आता दीड महिना झाला.

भाऊ म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. सेलूच्या बस स्टँडजवळ त्याचं टायपिंगचं, झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटंसं दुकान. त्यात एकच कम्प्युटर, तोही असा, की बटण दाबल्यावर उठायला पुरी पाच मिनिटं घ्यायचा. आधी घरघर, मग काळा पडदा, मग त्यावर फिरत राहणारं ते चक्र. गिऱ्हाईक चुळबुळायला लागलं की भाऊ लोखंडी स्टूल पायानं पुढे सरकवायचा. "बसा. तो उठते तवर बोला." आणि माणसं बोलायची. कोणाचा कापूस वेचायचा राहिला, कोणाची सून रुसून माहेरी गेली... फॉर्म भरायला आलेला माणूस मन रिकामं करून जायचा.

मीही त्याच स्टुलावर बसायचो. आमच्या घरच्या पुरुषांना एकमेकांच्या तोंडाकडे पाहून बोलता येत नाही. मी पास झालो तेव्हा वडिलांनी मला शाबासकीसुद्धा बैलाकडे पाहून दिली होती. भाऊला ते चक्र बरं पडायचं. एकदा त्या चक्राकडे पाहत तो म्हणाला, "पोरीनं पोरगा पसंत केला. आपल्यातला नाई. मले चांगला वाटते." मीही चक्राकडेच पाहत म्हणालो, "मंग मलेबी चांगला वाटते." पडदा उजळला तोवर लग्न ठरलं होतं. एकदा हिंमत करून मी विचारलं, माझ्या शिक्षणापायी त्यानं कॉलेज सोडलं का. "नाई बे," तो म्हणाला, "मलेच येत नोतं काई." भाऊ बारावीला शाळेतून पहिला आला होता.

घराण्यात मला कम्प्युटरमधलं कळतं असा समज आहे. 'बंद करून परत चालू करा' या एका मंत्रावर मी आख्खी नोकरी काढली, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. भाऊच्या त्या डब्याची मात्र मला लाज वाटायची. दिवाळीत मी त्यातली जुनी हार्ड डिस्क काढून नवी, वेगवान बसवली. "राहू दे ना, काऊन उगाच? चालून राह्यला ना," तो म्हणत होता. मी कशाला ऐकतो... त्यानं जुनी डिस्क रुमालात गुंडाळून खणात ठेवली.

पुढच्या रविवारी माझी कारागिरी पाहायला मुद्दाम गेलो. दुकानात आम्ही दोघंच. भाऊनं बटण दाबलं, सवयीनं स्टूल सरकवलं आणि पडद्याकडे पाहत म्हणाला, "अरे, मले तुले एक विचाराचं होतं..."

पडदा उजळला. बारा सेकंद. मी मनात मोजत होतो. मांडीवर थाप मारून म्हणालो, "पाह्य, कसा उठला." भाऊ हसला. "हो ना बे. मोठ्या घाईत उठते आता." तेवढ्यात एक बाई दाखल्याचा फॉर्म घेऊन आल्या, मागून आणखी दोघं. मी चहा पिऊन निघालो. त्याला काय विचारायचं होतं, हे विचारायचं मला सुचलंही नाही. फोनवर असलं बोलणं आमच्यात होत नाही. त्यानंतर तीन आठवड्यांनी पुतणीचाच फोन आला.

तेरवी झाल्यावर वहिनीनं दुकानाच्या खणातली डॉक्टरांची चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. नागपूरला जाऊन हृदयाची तपासणी करून घ्या, असं लिहिलं होतं. तारीख दिवाळीच्या आधीची.

"एकटे जाले भेत होते," वहिनी म्हणाली. "म्हणत, धाकट्याले विचारतो, तो सोबत आला त जातो. विचारलं होतं ना त्यायनं तुम्हाले?"

मी चिठ्ठीची घडी घालत राहिलो, पुन्हा उलगडत राहिलो. "नाई वहिनी. विचारता विचारता राह्यलं."

ती चहा ठेवायला आत गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

जन्मभर मी लोकांना सांगत आलो, मशीनसमोर ताटकळण्यात गेला तो वेळ वाया गेला. माझ्या भावाकडे तेवढाच वेळ होता, आणि तो मीच दिवाळीची भेट म्हणून काढून घेतला.

मागच्या रविवारी एकटाच जाऊन दुकान उघडलं. खणातला रुमाल सोडला, जुनी डिस्क परत बसवली, बटण दाबलं. घरघर सुरू झाली. भाऊच्या खुर्चीवर बसवेना, म्हणून स्टूल ओढून घेतलं. चक्र फिरायला लागलं. त्याच्याकडेच पाहत म्हटलं, "येतो ना भाऊ मी सोबत. कधी जाचं, सांग."

पाचव्या मिनिटाला पडदा उजळला. मी कम्प्युटर बंद केला आणि परत बटण दाबलं.